जाळीच्या अलीकडे

पुणेकरांना तारखा लक्षात ठेवायची सवय आहे. १२ जुलै १९६१ म्हटलं, की पानशेतचा विषय निघतो आणि तासभर थांबत नाही. पण ९ डिसेंबर २०२० रोजी काय झालं, असं विचारलं तर बहुतेक जण गोंधळतात. मग 'कोथरूडचा गवा' एवढे दोन शब्द उच्चारले, की बोलणारा क्षणभर गप्प होतो. कारण ते आठवतं सगळ्यांनाच. आठवायला नको असतं एवढंच.

त्या दिवशी सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक रानगवा आला. वाट चुकलेलं जनावर. त्याला परत जायची वाट हवी होती. तोंडाला मुखपट्टी बांधून एकमेकांपासून लांब उभं राहण्याचे ते दिवस. तरी बघता बघता गर्दी जमली. पुढे गवा, मागे माणसं, आणि माणसांच्या हातांत मोबाइल. भेदरलेला गवा भिंतींना धडकत, फाटकांवरून उड्या मारत गल्ल्यागल्ल्यांतून धावत राहिला. काही तासांनी भुलीची इंजेक्शनं आणि दोरखंड यांनी त्याला आवरण्यात आलं, गाडीत चढवण्यात आलं, आणि तो मेला. असं मरण का येतं, याला पशुवैद्यकात उत्तर आहे. जिवाच्या आकांताने पळालेल्या जनावराचं अंग तापतं, स्नायूंची नासाडी होते, रक्तात विषारी द्रव्यं उतरतात, आणि शेवटी हृदय किंवा मूत्रपिंड हार खातं.

तेरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी पोलिसांनी आणि वनखात्याने आधी माणसं अडवली. रस्त्यावर कडं केलं, बघ्यांना लांब ठेवलं, जनावराला जंगलाकडची बाजू मोकळी ठेवली. गवा आपल्या पायांनी परत गेला. शहर तेच, महिना तोच, प्राणी त्याच जातीचा. फरक एकच होता. माणसं कुठे उभी होती हा.

हा सगळा विषय त्या एका फरकापाशी येऊन थांबतो, असं मला वाटतं. जनावराने काय केलं याची आपण खूप चर्चा करतो. आपण कुठे उभे होतो याची मात्र करत नाही.

मी विश्रांतवाडीला राहतो. कोथरूड आम्हाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय तिसऱ्या. तरी सुट्टीत नातवंडं आली, की दोन बस बदलून कात्रजची वारी ठरलेली. (बुधवार सोडून, बुधवारी ते बंद असतं, हे आजोबांनी लक्षात ठेवायचं असतं.) आमच्या पिढीचं प्राणिसंग्रहालय म्हणजे सारसबागेजवळचं पेशवे पार्क. महापालिकेने ते १९५३ साली सुरू केलं, १९५६ साली तिथे फुलराणी धावू लागली, आणि पुढे प्राण्यांचा मुक्काम कात्रजला हलला. त्याच्याही आधी, सवाई माधवरावांच्या काळात, पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. म्हणजे जनावरं बघण्याची हौस पुण्याला काही काल-परवा लागलेली नाही.

पेशवे पार्कातल्या पिंजऱ्यांसमोर आमच्या लहानपणी काय चालायचं, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. माकडाला शेंगांची टरफलं, अस्वलाला छत्रीचं टोक, आणि वाघ झोपलेला असेल तर त्याला उठवण्यासाठी टाळ्या, शिट्ट्या, प्रसंगी खडे. 'पैसे देऊन आलोय, वाघ उठला पाहिजे' हा त्यामागचा हिशेब. खडा मारणारा कोणी गुंड नसायचा. सोबत बायको, कडेवर मूल, हातात डब्याची पिशवी, असा चांगला संसारी माणूस असायचा.

जनावर चिडतं म्हणजे नक्की काय होतं, हे हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने फार नेमकं सांगून ठेवलं आहे. बासल आणि झुरिच इथल्या प्राणिसंग्रहालयांचे ते संचालक होते. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक रानटी जनावराच्या भोवती अदृश्य अशी दोन वर्तुळं असतात. बाहेरचं वर्तुळ ओलांडून तुम्ही आत आलात, की जनावर पळतं. पळायला जागाच नसेल आणि तुम्ही आतलं वर्तुळही ओलांडलंत, तर ते अंगावर येतं. म्हणजे हल्ला हा बहुतेक वेळा पळून जाण्याचा शेवटचा मार्ग असतो. आता पिंजऱ्यातल्या वाघाचा विचार करा. त्याचं पळणं आपण आधीच काढून घेतलेलं आहे. मग उरलं काय?

पूर्वी गजांचे पिंजरे असत. १९०७ साली कार्ल हागेनबेक यांनी जर्मनीत हॅम्बुर्गजवळ गज काढून टाकले आणि मध्ये खंदक ठेवला. प्राणी मोकळे दिसू लागले. ही पद्धत जगभर गेली. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आखणीतही हागेनबेक घराण्यातल्या वंशजाचा हात होता. प्राण्यांच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा. पण तिचा एक परिणाम माणसांवर झाला. गज दिसत होते तोवर भीती दिसत होती. गज गेले आणि वाघ जणू बागेतला वाटू लागला.

त्याच दिल्लीत २३ सप्टेंबर २०१४ रोजी विशीतला एक तरुण विजय नावाच्या पांढऱ्या वाघाच्या कोरड्या खंदकात पडला. वाघ त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. तरुण हात जोडून बसला होता. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार काही मिनिटं वाघाने त्याला काहीही केलं नाही. वरून लोक ओरडत होते. मग कोणी खडे मारले, वाघाला हाकलावं म्हणून. आणि वाघाने त्या तरुणाची मान धरली. हे सारं मोबाइलवर टिपलं गेलं आणि देशभर पाहिलं गेलं.

खडे मारणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मला मान्य आहे. वाघाला तो हेतू कळायचा कसा?

त्याआधी १ जानेवारी १९९६ रोजी कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात दोन जण दारूच्या नशेत शिवा नावाच्या वाघाला हार घालायला आत उतरले होते. एक मेला, दुसरा जखमी झाला. आणि अलीकडे, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, तिरुपतीच्या प्राणिसंग्रहालयात एक जण सिंहाच्या आवारात शिरला आणि परत आला नाही. अशी बातमी आली, की चहाच्या टपरीवरचा निकाल ठरलेला असतो: 'त्याचीच लायकी! कोणी सांगितलं होतं आत जायला?'

मला हा निकाल पटत नाही. दिल्लीतल्या त्या तरुणाची मनोवस्था ठीक नव्हती, असं नंतर वर्तमानपत्रांत आलं. नशा, वेड, पोरकटपणा, शेखी यांपैकी कशालाही आपल्या कायद्यात देहान्ताची शिक्षा नाही. शिवाय प्राणिसंग्रहालय तिकीट विकतं ते काही माणसाची अक्कल तपासून नव्हे. शहाणा, मूर्ख, लहान, म्हातारा, सगळे एकाच दारातून आत येतात. ज्याने दार उघडलं, त्याने मूर्खाचाही विचार आधीच करून ठेवायला हवा.

इंग्लंडमध्ये १९५७ साली एका सर्कशीच्या हत्तीवरून खटला झाला होता. ब्रह्मदेशातून आणलेली शिकवलेली हत्तीण, गाईसारखी गरीब. पण एक छोटं कुत्रं तिच्यावर भुंकलं, ती त्याच्यामागे वळली, आणि त्या गडबडीत बाजूच्या मांडवातल्या माणसांना इजा झाली. खोडी कुत्र्याची होती. तरी न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी सर्कशीलाच जबाबदार धरलं. हत्ती कितीही गरीब असला तरी तो हत्ती आहे, तो बाळगण्याची जोखीम बाळगणाऱ्याची, हा त्यामागचा विचार.

मात्र यावरून 'सगळा दोष संस्थेचा' असंही म्हणता येणार नाही. हा प्रश्न मला आमच्या सोसायटीच्या एका सभेने अधिक समजावला.

आमच्याकडे तळमजल्यावर लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. विश्रांतवाडी-दिघीच्या पट्ट्यात लष्करी माणसांची वस्ती जुनी. त्यांचा अल्सेशियन पार्किंगच्या कोपऱ्यात साखळीला बांधलेला असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच-सहा मुलांनी खेळ काढला: साखळी कुठवर पुरते ते बघून, त्याच्या एक पाऊल अलीकडे उभं राहून काठी आपटायची. चौथ्या की पाचव्या दिवशी कुत्र्याने एवढी झेप घेतली, की भिंतीतली कडीच उपटून आली. एका मुलाची पोटरी फाटली. टाके पडले, इंजेक्शनं झाली, आणि रविवारी सभा भरली.

मुलाचे वडील म्हणाले, "सुभेदारसाहेब, कडी पक्की बसवायचं काम कोणाचं?" सुभेदार म्हणाले, "आणि पोराला घरात शिकवायचं काम कोणाचं?" दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे सभा तासभर तिथेच फिरत राहिली. कोणी म्हणालं, खर्च निम्मा-निम्मा करा. कोणी म्हणालं, कुत्रा काढून टाका. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. म्हणाल्या, "काठी आपटणारा एक होता. बाजूला उभी राहून हसणारी बाकीची मुलं कोणाची? आणि चार दिवस हे खिडकीतून बघणारे आपण कोण?"

सभेत सुई पडली असती तर ऐकू आली असती. त्या हसणाऱ्या मुलांचे आईबाप तिथेच बसले होते.

बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे जबाबदारी या शब्दाचा मला एक अर्थ ठाऊक आहे. कर्जाला जामीनदार घेतला, की पुष्कळांना वाटतं, कर्ज दोघांत विभागलं गेलं. माझ्या वाट्याला निम्मं. तसं नसतं. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पूर्ण रकमेची. एकाची जबाबदारी पूर्ण आहे म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. वसुलीला गेलं, की जामीनदार म्हणे, 'त्याला विचारा', कर्जदार म्हणे, 'त्यांनीच तर सही केली.' कागद मात्र दोघांनाही सोडत नसे.

प्राणिसंग्रहालयातल्या अपघाताचं मला असंच दिसतं. खोडी काढणाऱ्याची जबाबदारी पूर्ण. भिंत बांधणाऱ्याची पूर्ण. बघत उभं राहणाऱ्याचीही पूर्ण. त्यात निम्मा-निम्मा वाटा नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात २५ डिसेंबर २००७ रोजी तातियाना नावाची सैबेरियन वाघीण खंदकाची भिंत चढून बाहेर आली. सतरा वर्षांचा एक मुलगा मेला, त्याचे दोन सोबती जखमी झाले. मुलांनी तिला डिवचलं होतं, असा आरोप झाला. पण भिंत मोजली, तर ती साडेबारा फुटांच्या आत-बाहेर भरली. तिथल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस सोळा फुटांहून अधिक उंचीची होती. आणि आदल्याच वर्षी त्याच वाघिणीने एका कर्मचारी बाईचा हात फाडला होता. मुलांचा दोष असेल तर भिंत उंच होत नाही, आणि भिंत बुटकी होती म्हणून डिवचणं माफ होत नाही. त्या रात्री पोलिसांच्या गोळ्या मात्र वाघिणीला लागल्या.

सिनसिनाटीत २८ मे २०१६ रोजी तीन वर्षांचा मुलगा हरांबे नावाच्या गोरिलाच्या खंदकात पडला. वरच्या आरडाओरड्याने गोरिला अधिकच बिथरला. भुलीचं औषध लागू पडायला काही मिनिटं जातात आणि सुई टोचताच जनावर खवळतं, म्हणून त्याला गोळी घातली. मूल वाचलं. गोळी घालणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ते मूल आपलं असतं तर आपणही तेच मागितलं असतं. आईवर खटला भरला गेला नाही. पुढे कठडा उंच करण्यात आला. पण हे शहाणपण एका गोरिलाच्या मोलाने आलं.

म्हणजे कर्ज कोणाचंही असो, फेडतो तो जनावर. ज्याने कुठल्या कागदावर सही केलेली नाही तो.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघांनी आपापली किल्ली फिरवल्याशिवाय दार उघडत नाही. दोघांपैकी एकावरही अविश्वास म्हणून ही पद्धत नाही. माणूस कधी ना कधी घाईत असतो, दमलेला असतो, हे पद्धत घालणाऱ्याला माहीत असतं, म्हणून आहे. हिंस्र प्राण्यांच्या आवारांनाही असाच दुहेरी बंदोबस्त लागतो: एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मार्च २०२४ मध्ये कात्रजला एक बिबट्या पिंजऱ्याबाहेर पडला आणि सुमारे दीड दिवसाने त्याच आवारात सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्यात प्रेक्षकांचा काही संबंध नव्हता. संस्थेची किल्ली ही संस्थेनेच सांभाळायची असते, हे अशा प्रसंगातून कळतं.

पण दुसरी किल्ली आपल्याकडे आहे, त्याचं काय?

आपल्याकडे कायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा; त्यात १९९१ च्या दुरुस्तीने ३८-जे हे कलम आलं. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, त्रास देणं, इजा करणं, खाऊ घालणं, गोंगाट करून बिथरवणं, एवढंच काय, तिथे कचरा टाकणं हाही गुन्हा. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली. पाठोपाठ १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. पाट्याही लागल्या. पण पाटी वाचून खडा खाली टाकणारा माणूस मी फार क्वचित पाहिला आहे. शेजारच्या अनोळखी माणसाने 'अहो, नका मारू' म्हटल्यावर ओशाळून हात मागे घेणारे मात्र पुष्कळ पाहिले आहेत. चिडवणाऱ्याला जनावर बघायचं नसतंच. त्याला बघणारे हवे असतात. हसणारं कोणी नसेल, तर काठी आपटण्यात मजा उरत नाही. त्या शिक्षिकांनी बोट ठेवलं होतं ते इथेच.

'आपली गर्दीच तशी, बेशिस्त,' असं म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. दर ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघी-विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. आमच्या दारावरून ती गर्दी जाते. पुढे चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. माणसांची अलोट दाटी, आणि तिच्यातून माउलींचा अश्व भरधाव धावतो. कोणी शेपटी ओढत नाही, कोणी आडवं येत नाही. घोडा गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, आधी नाही. चोपदाराचा चोप वर झाला, की टाळ-मृदंग थांबतात. कोथरूडला गव्यामागे धावले ते काही परमुलखातून आलेले नव्हते. त्यांच्यातल्या कित्येकांनी कधी तरी हे रिंगण पाहिलं असेल. गर्दीला कुठे उभं राहायचं ते माहीत असतं, सांगणारा एक जण असतो, आणि त्याचं ऐकायचं असतं हे ठरलेलं असतं, तेव्हा तीच माणसं जनावराला वाट देतात. पाषाणच्या गव्याला वाट मिळाली ती अशीच.

सोसायटीच्या सभेचा शेवट असा झाला: सुभेदारांनी पार्किंगच्या कोपऱ्यात जाळीचं दार असलेली खोली करून घेतली. औषधाचा सगळा खर्च ते द्यायला तयार होते, मुलाचे वडीलही तयार होते. अखेर दोघांनी मिळून दिला. आणि शिक्षिकाबाईंच्या सांगण्यावरून त्या साऱ्या मुलांनी, काठीवाल्याने आणि हसणाऱ्यांनी, सुट्टी संपेपर्यंत पाळीपाळीने कुत्र्याचं पाणी भरलं. लांबून, भांडं आत सरकवून. पहिले दोन दिवस कुत्रा गुरगुरत होता. कितव्या दिवशी थांबला ते मला माहीत नाही. पण मुलं त्याच्यासमोर हळू आवाजात बोलू लागली होती, हे मी वरच्या गॅलरीतून ऐकत होतो.

यंदाच्या सुट्टीत आपण नातवंडांना घेऊन कात्रजला जाल. वाघ झोपलेला असेल. दिवसा तो बहुधा झोपलेलाच असतो. मूल म्हणेल, "आजोबा, तो उठत का नाही?" तेव्हा टाळी वाजवू नका. "तो त्याच्या घरी झोपलाय, आपण पाहुणे आलोय," असं सांगा आणि थोडं थांबा. शेजारी कोणी खडा उचलला, तर त्याला मुलाच्या देखत नम्रपणे अडवा. तो कदाचित चार शब्द सुनावेल. ऐकून घ्या. वाघ उठला नाही तरी मुलाने त्या दिवशी काही तरी पाहिलेलं असेल.